सतरा सुनीतांनंतरचे अठरावे

परभणीत मे महिन्याच्या भर दुपारी कोणी आपल्या प्रेयसीला ‘तू उन्हाळ्यातल्या दिवसासारखी आहेस’ असे म्हणाला, तर त्या प्रेमाचे पुढे काय होईल हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. पारा ४२-४३ अंशांच्या पुढे सरकलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, नळाची वाट पाहून दमलेल्या घागरी ओसरीत ओळीने मांडलेल्या. अशा दिवसाची उपमा म्हणजे आमच्याकडे शिवीच. तरीही दरवर्षी इंग्रजीच्या तासाला इथली मुले नेमकी हीच उपमा वहीत उतरवून घेतात. शेक्सपिअरचे अठरावे सुनीत सुरू होते तेच मुळी या उपमेपासून. इंग्रजीतली सर्वांत प्रसिद्ध प्रेमकविता कोणती, असे विचारले तर बहुतेक जण याच कवितेकडे बोट दाखवतील.

उपमेचा घोळ फारसा अवघड नाही. थंडी-पावसाने गारठलेल्या मुलखात उन्हाळा म्हणजे चार कोवळ्या दिवसांची चैन; आपल्याकडे श्रावणात पाऊस उघडून ऊन पडावे आणि जीव सुखावावा, तसे काहीसे. कवी ही उपमा देऊ करतो आणि लगेच स्वतःच ती मोडीत काढतो. उन्हाळ्यातही वारे सुटतात, कळ्या झोडपल्या जातात. सूर्य कधी फार तापतो, कधी झाकोळतो. शिवाय उन्हाळा मुळात भाडेपट्ट्याने आलेला, त्याची मुदत थोडी. ही भाडेपट्ट्याची कल्पना आमच्या भागातल्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. पाडव्याला सालगड्याचे साल संपते, बटईची बोली नव्याने होते. मुदत संपली की उठायचे, हे त्याने घरात पाहिलेले असते. तुझा उन्हाळा मात्र असा मुदतीचा नाही, असे कवी म्हणतो. जोवर वाचणारी माणसे आहेत तोवर ही कविता राहील आणि तिच्यात तू राहशील.

झाल्या चौदा ओळी. भेटकार्डांवर, लग्नसमारंभांत, चित्रपटांत ही कविता जगभर फिरते आहे. आपल्या मार्गदर्शकांत तिची मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात दिलेली असते: काव्यामुळे सौंदर्य अमर होते. पाच गुणांसाठी एवढे पुरते. ते वाक्य खोटे आहे असेही मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की या कवितेला कवीने नाव दिलेले नाही. तिच्या डोक्यावर फक्त एक आकडा आहे, आणि तो आपण वाचत नाही. अठरावी, म्हणजे तिच्या आधी सतरा आहेत. त्या सतरांत काय आहे हे कळल्यावर अठरावी कविता निराळी होते. वरवर कौतुक वाटणारी ती कविता मग एक निर्णय ठरते. तो निर्णय ज्या प्रश्नावर आहे, तो प्रश्न मराठवाड्यातल्या घराघरांत आजही जिवंत आहे.

सतरा वेळा एकच विनवणी

१६०९ साली लंडनमध्ये थॉमस थॉर्प नावाच्या प्रकाशकाने शेक्सपिअरची सुनीते पुस्तकरूपाने काढली. एकूण १५४. पहिली सतरा सुनीते एका देखण्या, श्रीमंत, अविवाहित तरुणाला उद्देशून आहेत आणि त्या सतरांत मागणे एकच: लग्न कर, मूल होऊ दे, तुझे रूप तुझ्याबरोबर मातीत जाऊ देऊ नकोस.

ही सतरा सुनीते आमच्याकडच्या कोणत्याही वडीलधाऱ्याने ओसरीवर बसून सांगावीत अशी आहेत. चाळीस हिवाळे उलटले की तुझ्या कपाळावर चर पडतील, तेव्हा रूप कुठे गेले म्हणून विचारले तर काय दाखवशील? आरशात पाहा, तू तुझ्या आईचा आरसा आहेस. तुझा आरसा कोण होणार? नांगराला नाही म्हणणारी जमीन कोणती आहे? निसर्गाने तुला जे दिले ते उसने दिले आहे, व्याजासकट परत कर. फुले हिवाळ्यात जातात, पण अत्तर काढून कुपीत ठेवले तर वास राहतो. घर पडायला आले तर माणूस त्याची डागडुजी करतो की नाही? पेरणी, कापणी, पेंढ्या, सावकारी, घड्याळ, वाद्याच्या तारा अशी एकेक उपमा कवी पुढे करतो आणि फिरून त्याच मुद्द्यावर येतो. ‘वंशाला दिवा हवा’ हे आपले वाक्य तेवढे त्यात नाही. बाकी सगळे आहे.

गंमत अशी, की सुरुवातीच्या या सुनीतांत प्रेमाचा उच्चार जवळजवळ नाही. बोलणारा माणूस हितचिंतक वाटतो, प्रियकर नव्हे. नऊ सुनीते होईपर्यंत तो ‘मी’ हा शब्दसुद्धा वापरत नाही. दहाव्यात तो पहिल्यांदा स्वतःला मध्ये आणतो: इतर कशासाठी नाही, तर माझ्यावरच्या प्रेमासाठी तरी ऐक. विनवणी करता करता विनवणाराच गुंतत चालला आहे, हे सलग वाचणाऱ्यालाच दिसते.

कलम आणि ओळ

खरे नाट्य आहे ते पंधरा ते अठरा या चार सुनीतांत. पंधराव्यात कवी म्हणतो, जगात वाढणारी प्रत्येक गोष्ट पूर्णत्वाला पोहोचते ती क्षणभरच. मग काळ तिची तोडणी सुरू करतो. काळ तुझ्याकडून जे हिरावून नेतो आहे ते मी तुझ्यावर पुन्हा कलम करतो. मराठीत हा शब्द लिहिताना हात थबकतो. आपल्याकडे झाडाचेही कलम आणि लिहायचेही कलम! इंग्रजीत कवीला जे सूचित करावे लागले, ते आपल्या भाषेने एका शब्दात आधीच बांधून ठेवले आहे.

पण हा आत्मविश्वास एका पानाचाही नाही. सोळावे सुनीत ‘पण’ या अर्थाच्या शब्दानेच सुरू होते. आधीचे वाक्य अजून संपले नसल्यासारखे कवी स्वतःलाच खोडून काढतो. काळाशी लढायला माझ्या या वांझ कवितेपेक्षा चांगला मार्ग तुझ्यापाशी असताना तू तो का धरत नाहीस? सतराव्यात शंका आणखी वाढते. तुझ्या रूपाचे मी खरे वर्णन केले तरी पुढची पिढी म्हणेल, हा कवी थापा मारतो आहे. तेव्हा तुझे एखादे मूल साक्षीला असेल तर तू दोनदा जगशील, त्या मुलात आणि माझ्या कवितेत. म्हणजे इथे तडजोड झाली: मूलही आणि कविताही.

आणि मग येते अठरावे. सतरा सुनीतांत सतत पुढे असलेले ते मूल इथे कुठेच नाही. लग्न नाही, वारस नाही, विनवणी नाही. ज्या कवितेला दोन पावलांपूर्वी कवीने स्वतःच वांझ म्हटले, तीच आता एकटी जीव देणारी झाली आहे. सोळाव्या सुनीतात इंग्रजी कवी ‘ओळ’ या अर्थाच्या शब्दावर खेळतो, कारण तो शब्द वंशाच्या ओळीलाही चालतो आणि कवितेच्या ओळीलाही. अठराव्यात तोच शब्द पुन्हा येतो, पण आता फक्त कवितेच्या बाजूने. इथेही मराठी मागे नाही. वंशावळीतली ‘आवळ’ आणि कवितेची ‘ओळ’ या दोन्ही ‘आवलि’ या एकाच संस्कृत शब्दापासून आल्या आहेत. अठराव्या सुनीतात काय घडते? एक ओळ सोडून दुसरी ओळ धरली जाते. एवढी मोठी घटना केवळ हीच कविता सुटी वाचणाऱ्याच्या नजरेतून पूर्णपणे निसटते. त्याला दिसतो फक्त एक सुंदर उन्हाळा.

‘वांझ’ हा शब्द

मी गेली कित्येक वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. अठरावे सुनीत शिकवण्याआधी मी आधीच्या सतरांचा गोषवारा मराठीत सांगतो. एका वर्षी निम्म्यावर आलो तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हा तर आमच्या आत्यासारखाच बोलायलाय की!’’ वर्ग हसला. कुठल्याही टीकाग्रंथात मला या सतरा सुनीतांचे इतके नेमके वर्णन सापडलेले नाही.

हसू ओसरल्यावर मी सोळाव्या सुनीतातला तो शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याचा मराठी अर्थ विचारला. वर्ग गप्प झाला. अर्थ सगळ्यांना माहीत होता. मोठ्याने म्हणायला कोणी तयार नव्हते. आमच्या भागात हा शब्द कवितेला लावत नाहीत, बाईला लावतात. डोहाळजेवणाला कोणाला बोलवायचे, ओटी कोणी भरायची, बारशाला पाळण्याच्या दोरीला कोणाचा हात लागू द्यायचा, हे सारे त्या एका शब्दावर ठरते. शेक्सपिअरची विनवणी निदान पुरुषाला आहे. आपल्याकडे ती विनवणी राहत नाही, तो तगादा होतो आणि तो बहुधा सुनेच्या पदरात पडतो. मुली झाल्या तरी तो थांबत नाही, कारण दिवा हवा असतो आणि आपल्या समजुतीप्रमाणे तो मुलगाच.

असे घर पाठीशी असलेल्या मुलीला ‘काव्यामुळे सौंदर्य अमर होते’ हे वाक्य देऊन पाच गुण मिळवून देणे ही शिकवण्याची फार तोकडी रीत झाली. तिला हे कळायला हवे, की चारशे वर्षांपूर्वी एका कवीने आधी तिच्या आत्याची बाजू घेतली, सतरा वेळा घेतली, सर्व दाखल्यांनिशी घेतली; आणि मग ‘वांझ’ म्हटलेल्या गोष्टीतूनच जीवन येऊ शकते असे म्हणून तो दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

क्रम कोणाचा?

इथे एक रास्त शंका निघते. हा क्रम शेक्सपिअरनेच लावला कशावरून? अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. १५९८ साली फ्रान्सिस मेरेस या लेखकाने शेक्सपिअरची सुनीते खासगी मित्रमंडळींत फिरत असल्याची नोंद केली, १५९९ मध्ये त्यांतली दोन एका संग्रहात छापलीही गेली. पूर्ण पुस्तक यायला १६०९ उजाडले, आणि त्याची छपाई कवीच्या देखरेखीखाली झाली की नाही याबद्दल खात्रीने बोलता येत नाही. पण निदान ज्या चार सुनीतांबद्दल मी बोलतो आहे त्यांच्याबाबत कवितेच्या आतलाच पुरावा पुरेसा आहे. ‘पण’ने सुरू होणारे सुनीत पहिले असू शकत नाही, त्याला आधीचे वाक्य लागते.

क्रम मोडला की काय होते, याचा दाखलाही इतिहासात आहे. १६४० साली जॉन बेन्सन या प्रकाशकाने ही सुनीते नव्याने छापली. त्याने क्रम उधळला, दोन-तीन सुनीते जोडून एकेक कविता केली, त्यांना स्वतःची शीर्षके दिली आणि काही ठिकाणी पुरुषवाचक शब्द बदलून स्त्रीवाचक केले. आठ सुनीते त्याने गाळलीच, आणि त्या आठांत अठरावे होते! आज जगाच्या तोंडी असलेली ही कविता त्या पुस्तकात नव्हती. पुढे १७८० मध्ये एडमंड मलोन या संपादकाने १६०९ च्या प्रतीवरून मूळ क्रम पुन्हा प्रतिष्ठित केला. पहिली १२६ सुनीते तरुणाला आणि पुढची एका सावळ्या स्त्रीला उद्देशून आहेत, ही आज सर्वत्र सांगितली जाणारी विभागणी त्याचीच.

म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा प्रेयसीला नाही, एका तरुण मित्राला आहे. हे ऐकून वर्गात कुजबुज होते. मी मुलांना सांगतो, अठरावे सुनीत मराठीत उतरवून पाहा. ‘तू शोभतोस’ की ‘तू शोभतेस’ हे आपल्या क्रियापदाला ठरवावेच लागते. मराठीत लपायला जागा कमी. पण ‘तू सुंदर आहेस’, ‘तू राहशील’ एवढ्यावर भागवले तर लिंग झाकलेले राहते. इंग्रजीत या सुनीतातही ते झाकलेलेच आहे. तो की ती, हे ती कविता एकटी सांगत नाही. तिची जागा सांगते. मित्रप्रेम की आणखी काही, हा वाद विद्वान करोत. माणसाने माणसावर जीव लावला आहे, हे मात्र वादातीत आहे.

आपले तुटलेले दुवे

सुट्या कवितेचा हा रोग आपल्यालाही जडला आहे. मराठीत सुनीत आणले केशवसुतांनी. १८९२ मधले ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे पहिले मराठी सुनीत मानले जाते. त्यांचे ‘आम्ही कोण?’ हेही सुनीतच, आणि कवीच्या शब्दाची ताकद सांगणारे. सुनीत हा शब्द रविकिरण मंडळाच्या काळात रूढ झाला. शार्दूलविक्रीडितासारख्या आपल्या वृत्तांत ते इतके चपखल बसले, की ते परक्या घरचे आहे हे आपण विसरून गेलो.

पण सुनीत आले तसा सुनीतांचा हारही आला, हे किती जणांना ठाऊक आहे? माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘तुटलेले दुवे’ हे सुनीतांची मालिका गुंफून रचलेले दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. फारशीचा हा पंडित, ‘छंदोरचने’चा कर्ता, गझलेचा मराठीतला पहिला मोठा पुरस्कर्ता, त्याने चौदा ओळींची एकेक कडी घडवून साखळी केली. आज जूलियनांची दोन-चार गीते आपल्याला पाठ असतात. ही साखळी मात्र ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर असते, असलीच तर. काव्यसंग्रह संपादित करताना आपण एकेका कवीच्या दोन-दोन ‘प्रातिनिधिक’ कविता उचलतो. पाठ्यपुस्तकाची पाने मोजकी असतात, तेथे दुसरा इलाजही नसतो. परंतु उचललेली कविता कशातून उचलली, तिच्या आधी काय होते आणि पुढे काय झाले, हे दोन ओळींच्या टिपेतही सांगायचे नाही, ही सवय झाली आहे. पुस्तकाचे ते नाव आता आपल्या वाचनाचेच वर्णन वाटू लागते.

अठराव्याच्या पुढे

शेक्सपिअरच्या मालिकेत अठरावे हा शेवटचा शब्दही नाही, हे सांगितले नाही तर मीही तोच गुन्हा करीन. एकोणिसाव्यात कवी काळाला आव्हान देतो, पण पुढे शंभर सुनीते ते वचन पुन्हापुन्हा कसाला लागते. मित्र दुरावतो, दुसरा कवी मध्ये येतो, विश्वासघात होतो, समेट होतो. दगडी स्मारकांपेक्षा माझी कविता टिकेल असे एकीकडे तो गर्जून सांगतो, आणि दुसरीकडे काळाच्या तडाख्यापुढे फुलाएवढे बळ असलेल्या रूपाचा निभाव कसा लागणार म्हणून घाबरतो. १२६ व्या सुनीतात तर हिशेब मिटतो. निसर्ग तुला कितीही लपवून ठेवू दे, शेवटी त्याला तुझा ताबा द्यावाच लागेल, असे तो मित्राला सांगतो. हे ‘सुनीत’ बाराच ओळींचे आहे. १६०९ च्या प्रतीत त्याच्या शेवटच्या दोन ओळींच्या जागी नुसते रिकामे कंस छापलेले आहेत. अठराव्यात ज्याला कायमचे राहण्याचे वचन दिले, त्याची गोष्ट अशा रिकाम्या जागेशी संपते.

आणखी एक. ज्या मित्राला ही कविता जगवणार होती, त्याचे नाव तिच्यात नाही. एकशे सव्वीस सुनीतांत कुठेच नाही. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतल्या दोन आद्याक्षरांवरून विद्वानांनी तर्क लढवले, ग्रंथ लिहिले. तो तरुण कोण हे निश्चित ठरले नाही. आणि वंशाचे म्हणाल तर खुद्द शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी, १५९६ मध्ये गेला. मुलीकडून चाललेला वंशही नात एलिझाबेथ १६७० मध्ये निपुत्रिक वारली तेव्हा खुंटला. वंशाची ओळ त्याच्या मृत्यूनंतर ५४ वर्षांत संपली. दुसरी ओळ परभणीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचली.

गंगाखेडची साक्ष

हा निकाल समजून घ्यायला आपल्याला लंडनला जावे लागत नाही. परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. परंपरा सांगते, की जनाबाई इथली. लहानपणीच ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. नामदेवांचे घर भरले होते, मुले-सुना होत्या; त्या वंशावळीत जनीला जागा नव्हती. दळणे, कांडणे, शेणी वेचणे हे तिचे काम. पण तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत आणि त्यांत ती आपली ओळख नामदेवाची दासी अशीच देते. शेक्सपिअरच्या मित्राला जे मिळाले नाही ते आमच्या परंपरेने आपल्या दासीला दिले: ओळीच्या शेवटी नाव. नाममुद्रा म्हणजे अभंगाचा सातबाराच. तो कोणाच्याही मुलाच्या नावावर फिरवता येत नाही.

क्रमाचा प्रश्न इथेही आहे. जनाबाईचे अभंग आपल्यापर्यंत आले ते नामदेवांच्या गाथ्याच्या आश्रयाने, आणि छापील गाथ्यांत ते संपादकांनी विषयवार लावलेले असतात. तिने कोणता आधी म्हटला आणि कोणता नंतर, हे आता कळायचे नाही. पण जात्यावरच्या बायकांना क्रमाचे महत्त्व ठाऊक होते. त्या ओव्या मोजून गात. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, मग भावाला, असे ठरलेले असे. पीठ पडत जाई तशी ओवीमागे ओवी येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत परभणीच्या बायकांच्याही आहेत. घरोघरची जाती थांबली, गिरण्या आल्या. त्या बायकांची नावे त्यांच्या सासरच्या वंशावळीत लिहिलेली नसतील. ओव्यांपाशी मात्र ती नोंदवलेली आहेत.

याच परभणीत १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी नारायण सुर्वे होते. रस्त्यावर टाकून दिलेले मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले, आपले नाव दिले. वंशाचे सगळे दाखले ज्याच्यापाशी कोरे होते, त्याने मराठी कवितेत आपले घर बांधले. गंगाराम सुर्व्यांचे नाव आज राहिले आहे ते रक्ताच्या वारसामुळे नाही, या उचललेल्या पोरामुळे. आणि आमचे बी. रघुनाथ? १९१३ मध्ये त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात जन्मले, निजामी राजवटीत सरकारी कचेरीत कारकुनी केली, आणि ७ सप्टेंबर १९५३ ला अवघ्या चाळिसाव्या वर्षी परभणीत गेले. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा त्यांचा संग्रह निघाला तो त्यांच्या मागे. त्यांची भाडेपट्ट्याची मुदत फारच थोडी होती. पण परभणीत ज्या सभागृहाला त्यांचे नाव आहे, तिथे आजही कविता वाचल्या जातात.

मूल नको, कविता पुरे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सतरा सुनीतेही खरी आहेत. लेकराचे तोंड पाहून कोणाला जगावेसे वाटले तर त्यात काही खोटे नाही. पण ‘हाच एक मार्ग’ हे सतरांचे म्हणणे अठराव्याने मोडले आहे. जीव लावणारा माणूस, मग तो बाप असो, शिक्षक असो, जात्यावरची म्हातारी असो की दासी असो, मागे काहीतरी ठेवून जातो. ज्या समाजात एका शब्दावर बाईची किंमत ठरते, तिथे हे सांगणारी कविता उन्हाळ्याच्या उपमेत गुंडाळून देणे मला परवडणारे वाटत नाही.

म्हणून एक साधी मागणी. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी अठरावे सुनीत एकटे शिकवू नये. पंधरा, सोळा, सतरा आणि अठरा अशी चार सलग वाचावीत. सगळ्या मिळून ५६ ओळी होतात, एका तासात आरामात मावतात. मराठीच्या प्राध्यापकांनी ‘तुटलेले दुवे’ वरच्या फळीवरून खाली काढावे आणि सबंध वाचून दाखवावे. पाठ्यपुस्तके करणाऱ्यांनी प्रत्येक वेच्याखाली तो कुठून घेतला आणि त्याच्या आगेमागे काय आहे हे दोन वाक्यांत छापावे. याला वेगळा निधी लागत नाही, समिती नेमावी लागत नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने आत्याला ओळखले ते सतरांमुळे. आत्याला द्यायचे उत्तर अठराव्यात आहे, आणि तिथवर तिला नेणे हे आपले काम आहे.